परत बोलवायचं तर कुणाला?

स्वारगेटहून सिंहगडाकडे जाणारी पीएमपीची बस धायरी फाट्यापर्यंत पुण्यातच असते. त्यापुढे पुणं नक्की कुठं संपतं हे आता कंडक्टरलाही सांगता येणार नाही. नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, खडकवासला अशी गावांची नावं येत राहतात आणि खिडकीतून दिसतात ते दहा-बारा मजल्यांचे मनोरे. त्यांच्या पायाशी जुनं गावठाण, मारुतीचं देऊळ, पार आणि पारावरचे म्हातारे. ३० जून २०२१ रोजी ही तिन्ही गावं, आणखी वीस गावांसोबत, पुणे महापालिकेत घेतली गेली. ग्रामपंचायती मोडीत निघाल्या, सरपंच माजी झाले. पुढच्या वर्षी १४ मार्चला महापालिकेतल्या नगरसेवकांचीच मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. म्हणजे साडेचार वर्षं या गावांना ना सरपंच होता, ना नगरसेवक.

मी या रस्त्याला लागले ती तैवानहून परतल्यावर, आणि तिथं जे पाहिलं ते डोक्यातून जात नव्हतं म्हणून.

एका मराठी मासिकासाठी मी तिकडं गेले होते. २६ जुलै २०२५ ला तैवानमध्ये एकाच दिवशी २४ खासदारांना परत बोलवायचं की नाही यावर मतदान होतं. चोवीसही जण एकाच पक्षाचे, कुओमिंतांगचे. त्या देशात मतदार आपल्या प्रतिनिधीला मुदतीच्या आधी घरी पाठवू शकतात, मात्र त्याची वाट लांबची आहे. पदावर येऊन एक वर्ष होईपर्यंत कुणालाही हात लावता येत नाही. मग मतदारसंघातल्या एक टक्का मतदारांच्या सह्या लागतात. त्या पुरल्या की दहा टक्के लोकांच्या. तेवढंही जमलं तर मतदान. त्यात ‘जा’ म्हणणारे ‘राहा’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत, शिवाय एकूण मतदारांच्या एक चतुर्थांश तरी हवेत. २०२० च्या जूनमध्ये काओशुंग शहराच्या महापौरांना, हान कुओ-यू यांना, लोकांनी याच वाटेनं घालवलं होतं.

माझा मुक्काम तैपेईत नव्हता. सिंचूत एका मराठी कुटुंबाकडं होता. सिंचू हे चिपच्या कारखान्यांचं गाव, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध. घरातला मुलगा तिथल्या विज्ञान उद्यानात इंजिनिअर, सून विद्यापीठात संशोधन करणारी, आणि काही महिन्यांसाठी कोथरूडहून आलेल्या सासूबाई. सकाळी पोहे, संध्याकाळी खालच्या दुकानातली तांदळाच्या शेवयांची वाटी. या घरातल्या कुणालाच मताचा अधिकार नव्हता, तरी सगळे त्या दिवशी माझ्याबरोबर शाळेतल्या मतदान केंद्राबाहेर येऊन उभे राहिले. सिंचूच्या मतदारांच्या हातात त्या दिवशी दोन मतपत्रिका होत्या. एक तिथल्या खासदाराची, दुसरी महापौर काओ हुंग-आन यांची.

मतदान चार वाजता संपलं आणि त्याच खोलीत, दारं उघडी ठेवून, मोजणी सुरू झाली. एक कर्मचारी मतपत्रिका डोक्याच्या वर धरतो, मोठ्यानं वाचतो. दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ मारतो. पाच रेघा झाल्या की एक चिनी अक्षर पूर्ण होतं आणि पुढचं सुरू. दाराशी कुणीही उभं राहून पाहू शकतं. एका म्हाताऱ्या बाईनं घडीची खुर्चीच आणली होती. ती प्रत्येक रेघ बोटांवर मोजत होती. मी निवडणुका बऱ्याच पाहिल्या, पण मत इतकं उघड्यावर, इतक्या निवांतपणे मोजलेलं कधी पाहिलं नव्हतं. कोथरूडच्या काकूंचं लक्ष भिंतीवरच होतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “आपल्याकडं असं नगरसेवकाला बोलवता येतं का गं परत?”

निकाल संध्याकाळीच कळला. एकही खासदार गेला नाही. महापौरही राहिल्या. २३ ऑगस्टला आणखी सात जणांवर मतदान झालं, तेही सगळे टिकले.

असं का झालं यावर तिथं बरंच बोललं गेलं. ११३ जणांच्या संसदेत कुओमिंतांगचे ५२, सत्ताधारी डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचे ५१. राष्ट्राध्यक्ष लाय छिंग-ते एका पक्षाचे आणि संसदेतलं बहुमत विरोधी पक्षांकडं. सह्या गोळा करणारे कार्यकर्ते म्हणत, हे खासदार चीनच्या सोयीचं वागतात. समोरचे म्हणत, २०२४ च्या जानेवारीत लोकांनी दिलेला कौल पुसून टाकायचा हा डाव आहे. बाजारातल्या प्रत्येक टेबलाशी चीनचा विषय निघायचा. समुद्रापलीकडून विमानं येतात ती रोजच येतात, आणि त्या भीतीच्या दोन वेगवेगळ्या उत्तरांची ती लढाई होती. माझं मत तिथंच पक्कं झालं. चोवीस जणांना एकदम तराजूत घातलं की माणूस तोलला जात नाही, पक्ष तोलला जातो. आपल्या खासदारानं रस्ता केला का, तो भेटतो का, खोटं बोलला का, हे प्रश्न मागं पडले. लोकांनी आदल्या वर्षीच्या निवडणुकीत जे केलं तेच पुन्हा केलं.

पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला पुण्यात शोधायचं होतं.

ही मागणी आपल्याकडं परदेशातून आलेली नाही. १ जानेवारी १९२५ ला हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी आपला जाहीरनामा वाटला. त्यात स्वतंत्र हिंदुस्थानात मतदारांना प्रतिनिधी परत बोलवायचा हक्क असेल असं ठरवूनच टाकलेलं होतं. हीच संघटना पुढं भगतसिंगांच्या नावानं ओळखली गेली आणि पुण्याच्या उत्तरेला खेडला जन्मलेले शिवराम हरी राजगुरू तिच्यातूनच फासावर गेले. राजगुरुनगरच्या वाड्यात मुलं सहलीला येतात. ज्या संघटनेसाठी हा तरुण गेला तिनं मताइतकंच मत परत घेण्याला महत्त्व दिलं होतं, हे त्यांना कुणी सांगताना मी ऐकलं नाही. मला ते सांगावंसं वाटतं. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायणांनी ही मागणी रस्त्यावर आणली, पुढं राळेगणसिद्धीहून अण्णा हजाऱ्यांनी. लोकसभा-विधानसभेसाठी तसा कायदा झाला नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये मात्र नगराध्यक्षांसाठी झाला. तिथल्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक भरलेली खुर्ची आणि एक रिकामी. २००८ मध्ये छत्तीसगडच्या तीन छोट्या गावांनी रिकाम्या खुर्चीवर शिक्का मारून अध्यक्ष घालवले.

महाराष्ट्रात हा हक्क फक्त सर्वांत खालच्या पायरीवर आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट लोकांतून निवडायचा कायदा आला. २०२० मध्ये तो मागं घेतला गेला आणि २०२२ मध्ये परत आला. त्याच्यासोबत आलेली तरतूद अशी: पहिली दोन वर्षं सरपंचावर अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला तरी तेवढ्यानं सरपंच जात नाही. ठराव विशेष ग्रामसभेपुढं येतो, आणि ज्यांनी मत देऊन निवडलं तेच गुप्त मतदानानं ठरवतात.

असं एक मतदान पानशेतच्या रस्त्यावरच्या एका गावात आहे असं समजलं आणि मी निघाले.

वाटेत नांदेडला उतरले. इथली विहीर पाहायची होती. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात माणसं अचानक पायांतलं बळ जाऊन पडू लागली. गिलन बॅरे सिंड्रोम हे नाव तेव्हा घराघरांत पोचलं. जिल्ह्यात रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, कित्येक जण व्हेंटिलेटरवर होते, काही गेले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्न-पाण्यातून येणारे जंतू सापडले. खडकवासला धरणाच्या इतक्या जवळ असलेल्या या गावांना पाणी मिळत होतं ते या विहिरीतलं, शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता फक्त क्लोरीन घातलेलं. ग्रामपंचायतीच्या काळातली योजना महापालिकेकडं आली, माणसं कैक पटींनी वाढली आणि पाणी तसंच राहिलं.

गावठाणातल्या एका बाईंच्या घरी बसले होते. त्यांचा मुलगा अठरा दिवस दवाखान्यात होता. आता चालतो, जिना उतरताना कठडा धरतो. त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवशी पाण्याला वास आला तेव्हा मी सासऱ्यांना म्हटलं, कुणाला तरी सांगा. ते चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. सांगायचं कुणाला? आधी सरपंच वाड्यासमोर राहायचा. चांगला होता असं नाही. पण दार माहीत होतं.”

अधिकारी आले नाहीत असं त्या म्हणाल्या नाहीत. आले, नमुने घेतले, टँकर आले. परंतु अधिकारी बदलून जातो आणि त्याला पुढच्या निवडणुकीत तोंड दाखवायचं नसतं. तैवानमध्ये मी माणसाला खुर्चीवरून उठवायचे नियम पाठ केले होते. इथं खुर्चीत बसायलाच कुणी नव्हतं. ज्या साडेचार वर्षांत या गावांवर सर्वांत मोठं संकट आलं त्याच साडेचार वर्षांत जाब विचारायला एकही निवडून दिलेला माणूस असू नये, याचा मला आजही संताप येतो. आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले न्यायालयात होते म्हणून निवडणूक लांबली हे खरं. पण जन्ममृत्यू न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाहीत.

खडकवासल्याची चौपाटी, मक्याची कणसं, भज्यांच्या गाड्या मागं टाकून बस डोणजे फाट्याच्या पुढं गेली की हवा बदलते. महापालिकेची हद्द मागं राहते. रस्त्याच्या एका अंगाला धरणाचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी तांदळाची खाचरं. सप्टेंबर होता, भात पोटरीला आलेलं होतं आणि डोंगरावरून पावसाची बारीक भुरभुर उतरत होती. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं आणि त्यावर सगळं पुणं जगतं. उरलेलं कालव्यानं दौंड-इंदापूरकडं जातं. शहरानं जास्त घेतलं की तिकडचा ऊस वाळतो, म्हणून कालवा समितीच्या बैठकीत दर वर्षी शहर आणि तालुके समोरासमोर येतात. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ती काठची गावं मात्र त्या भांडणात कुठंच नसतात. त्यांच्याकडं आता नव्यानं येतात ते प्लॉटिंगवाले. पुण्यातल्या माणसाला धरण दिसेल असा बंगला हवा असतो, डोंगराच्या उतारावर जेसीबी फिरतो आणि त्या प्रत्येक व्यवहाराची एक वाट ग्रामपंचायतीच्या टेबलावरून जाते.

गावात पोचले तेव्हा शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. दिवस पितृपक्षातला. तारीख तालुक्याहून आलेली, तिला पंचांग माहीत नाही. “माझ्या घरी म्हाळ आहे आज,” एक आजोबा कुरकुरत होते. “पितरं जेवायची खोळंबलीत आन् मी हितं रांगंत.” पण रांग सोडून ते गेले नाहीत. नऱ्हे-शिवण्याच्या कारखान्यांत कामाला असलेली पोरं सुट्टी टाकून मोटारसायकलींवर आली होती. दोन्ही बाजूंचे टेम्पो वाड्यावस्त्यांवरून बायकांना आणत होते. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले अधिकारी अध्यक्ष म्हणून बसले होते, मतदार यादी उघडलेली, दाराशी दोन पोलीस.

सरपंच बाई होत्या, महिला राखीव जागेवरून थेट निवडून आलेल्या. त्यांच्यावर आक्षेप काय, हे मी जितक्या जणांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली. सदस्यांना विश्वासात घेत नाहीत. मासिक सभा वेळेवर होत नाही. नळयोजनेचं बिल कुणाला दाखवलं नाही. बचत गटाच्या एक ताई स्पष्ट बोलल्या, “मत आम्ही तिला दिलं. ग्रामसभेत हिशेब विचारला की उत्तर तिचे मिस्टर देत्यात. ती गप बसती. मग आम्ही बाई निवडून दिली कशाला?”

सरपंच बाई शाळेच्या मागच्या बाजूला, त्यांच्या माणसांत उभ्या होत्या. माझ्याशी बोलायला आधी तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, “वरच्या अंगाला प्लॉट पाडायचेत. मी नाहरकत देईना. दिली असती तर आज ही शाळा बंद असती, सगळे घरी असते.” माझ्या मते दोन्ही बाजू खरं सांगत होत्या. जी बाई प्लॉटिंगला अडून बसते तीच ग्रामसभेत नवऱ्याला बोलू देते, असं होऊ शकतं. माणूस तोलायचा तर त्याचं हे दोन्ही बाजूंचं वजन माहीत असावं लागतं, आणि त्या रांगेतल्या बहुतेकांना ते माहीत होतं.

म्हाळवाले आजोबा मत देऊन बाहेर आले तेव्हा मी त्यांना तैवानचं सांगितलं. चोवीस खासदार, एक दिवस, सगळा देश. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे आमदार-खासदारालाबी बोलवता येतं तिकडं?”

“येतं.”

“हितं यायला पायजे होतं,” ते म्हणाले. “आमी एका चिन्हावर मत दिलं, आन् मधीच दोन पक्ष झालं. आमाला कुणी इचारलं?”

२०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. पुढं कुणाचा पक्ष खरा यावर विधानसभा अध्यक्षांचे निकाल आले, निवडणूक आयोगाचे आले, सर्वोच्च न्यायालयात तारखा पडत राहिल्या. पुणे, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यात एकाच घरात दोन पक्ष झाले. गावच्या जत्रेची वर्गणीसुद्धा दोन पावत्यांवर गोळा झाली. या सगळ्यात मतदारानं काय म्हणायचं याला कुठंच जागा नव्हती. त्याला लोकसभेपर्यंत आणि मग विधानसभेपर्यंत थांबावं लागलं. नाही म्हणायला एकदा, अपघातानंच, ती जागा मिळाली होती. २०१९ च्या मे महिन्यात साताऱ्यातून राष्ट्रवादीच्या तिकिटावर खासदार झालेले उदयनराजे भोसले सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. १८ तारखेला शरद पवार साताऱ्यात भर पावसात भिजत बोलले, २१ ला मतदान झालं आणि छत्रपतींच्या घराण्यातला, साताऱ्याच्या गादीचा माणूस श्रीनिवास पाटलांकडून हरला. पाच महिन्यांपूर्वी ज्यांनी निवडलं त्यांनीच परत बोलवलं. पण ते राजीनामा दिल्यामुळं घडलं. राजीनामा न देता बाजू बदलणाऱ्यांच्या मतदारांना ती संधी मिळाली नाही. पुढं २०२४ मध्ये उदयनराजे त्याच साताऱ्यातून निवडून आले हेही सांगायला हवं. परत बोलावणं म्हणजे कायमचं घालवणं नव्हे, हे लोकांना पक्कं कळतं.

आजोबांना मी विचारलं, “तुम्ही सरपंच बाईंना परत बोलवलंत की ठेवलंत?”

“ते नाय सांगायचं,” ते म्हणाले. “आन् बोलवणार तरी कुठनं? ती कुठं मुंबईला गेलीय? उद्या सकाळी पानवठ्यावर दिसंलच की.”

मोजणी वर्गातच झाली. तैवानसारखं दार सताड उघडं नव्हतं, पण दोन्ही बाजूंची माणसं आत होती आणि खिडक्यांना पोरं लटकलेली. ठराव फेटाळला गेला. पन्नाससुद्धा मतांचा फरक नव्हता. गुलाल आणलेला होता, एका वयस्क बाईनं तो उधळू दिला नाही. पितृपक्षात गुलाल नको म्हणाली, आणि दोन्ही गटांनी ते मानलं. ठराव आणणारे सदस्य फाटकाशी जरा वेळ थांबले, मग त्यांतला एक जण आत जाऊन सरपंच बाईंना म्हणाला, “आता पुढची ग्रामसभा वेळेवर लावा म्हंजे झालं.”

२ ऑक्टोबरला ग्रामसभा व्हायची असते. त्या वर्षी गांधी जयंतीला दसराही आला होता, त्यामुळं सभा होईल की तहकूब होईल अशी शंका होती. मी पुन्हा गेले. सभा सकाळी लवकर घेतली. बायका सोनं लुटायच्या साड्या नेसूनच आल्या होत्या. सरपंच बाईंनी जमाखर्च स्वतः वाचला. आवाज कापत होता, आकडे दोनदा चुकले, ग्रामसेवकानं दुरुस्त केले. नळयोजनेच्या बिलावर प्रश्न आला तेव्हा त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. दारात मिस्टर नव्हते. मग म्हणाल्या, “लेखी देते. पंधरा दिवसांत.” बचत गटाच्या ताईंनी तारीख वहीत लिहून घेतली.

नेमका हाच परिणाम मला सिंचूत दिसला नव्हता. तिथं ठराव हरल्यावर जिंकलेल्यांनी विजय साजरा केला आणि प्रश्न जिथले तिथं राहिले. इथं हरलेल्या ठरावानं एका बाईला उभं राहून वाचायला लावलं. मतदार आणि निवडलेला यांच्यात अंतर किती, यावर सगळं अवलंबून आहे असं मला आता वाटतं. पानवठ्यावर भेटणाऱ्या माणसाला परत बोलवायचा हक्क लोक जपून वापरतात, कारण उद्या त्याला तोंड द्यायचं असतं. लाखांच्या मतदारसंघात तो हक्क पक्षांच्या हाती जायला वेळ लागत नाही. म्हणून आमदार-खासदारांसाठी तो नकोच असं मी म्हणणार नाही. बाजू बदलणाऱ्याला मतदारांसमोर उभं करायची काही तरी सोय हवीच. पण सुरुवात खालून, वॉर्डातून व्हायला हवी.

आणि वॉर्डाच्या पातळीवर पुण्यात काय आहे?

१५ जानेवारी २०२६ ला पुण्यानं मतदान केलं. १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग. चाळीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. नांदेड-किरकटवाडीच्या लोकांनी महापालिकेत आल्यापासून पहिल्यांदाच नगरसेवक निवडला, आणि एकदम चार निवडले. मतदानाच्या दिवशी मी किरकटवाडीच्या शाळेबाहेर होते. नांदेडच्या त्या बाई तिथं भेटल्या नाहीत, त्यांचं केंद्र वेगळं. त्यांच्या सासऱ्यांसारखेच एक गृहस्थ मात्र भेटले. चार बटणं दाबून बाहेर आले आणि बोटाची शाई वाळायच्या आधीच त्यांनी विचारलं, “पाण्याचं ह्या चारांतल्या कुणाला विचारायचं?”

माझ्यापाशी त्याचं एक उत्तर होतं. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. ग्रामसभेचीच शहरातली धाकटी बहीण. प्रभागातल्या मतदारांची सभा नगरसेवकानं घ्यायची, त्यात लोकांनी कामं सुचवायची, हिशेब विचारायचा. दोन वर्षांत किमान चार सभा घेतल्या नाहीत तर नगरसेवकपद जाऊ शकतं. पुण्यात प्रतिनिधीला घरी पाठवायच्या जवळ जाणारं एवढंच एक कलम आहे, आणि ते कागदावरच राहिलं. शहरातले सजग नागरिक वर्षानुवर्षं त्याच्यामागं लागलेत. क्षेत्रच ठरवलं नाही तर क्षेत्रसभा कशी होणार, असं उत्तर त्यांना मिळत आलंय.

फेब्रुवारीत नांदेडच्या त्या बाईंनी मला घरी बोलवलं. त्यांच्या ओट्यावर आणखी काही बायका होत्या, दोन मनोऱ्यांतल्या सोसायट्यांमधल्या आणि बाकीच्या गावठाणातल्या. या दोन्हीकडच्या बायकांमध्ये एरवी फार बोलणं नसतं. पाण्यानं ते घडवून आणलं. आमच्या प्रभागाचं क्षेत्र ठरवा आणि पहिली क्षेत्रसभा लावा, असा अर्ज त्यांनी लिहिला होता. अर्ज चारही नगरसेवकांच्या नावे, प्रत आयुक्तांना. मसुद्यात त्यांनी विहिरीचं नाव घातलं होतं आणि जानेवारी २०२५ ही तारीख. एका मुलीनं ‘नम्र विनंती’ असं लिहिलं होतं, ते नांदेडच्या बाईंनी तसंच राहू दिलं, पण खाली ‘दोन वर्षांत चार सभा न घेतल्यास’ हे वाक्य कायद्यातल्या कलमासकट घालायला लावलं. मुलगा आतून जिना उतरून आला, कठडा धरून, आणि त्यानं पहिली सही केली.

पुढच्या रविवारी भाजी बाजारात टेबल लावायचं ठरलं. गावठाणाकडून कोण आणि सोसायट्यांकडून कोण बसणार, ते त्याच ओट्यावर वाटून घेतलं गेलं. मी सकाळच्या पाळीला बसते म्हणून सांगितलं.